श ने सुरू होणाऱ्या ओळी

त्या दुपारी नुजहत एका वाक्यापाशी अडली. 'हळूहळू खाली येऊ लागेल, तेव्हा त्याखाली उभे राहू नये.' काय खाली येऊ लागेल, ते कुठं लिहिलेलंच नव्हतं.

तिला वाटलं, मूळ लिहिणाऱ्याचीच चूक असेल. तसा तो माणूस चुकणारा नव्हता. नागपूरच्या ज्या कंपनीसाठी नुजहत यवतमाळातून, घरी बसून काम करायची, तिथं पूर्वी एक वयस्कर इंजिनिअर होते. कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतली यंत्रं, गोदामाची शटरं, आग विझवायची व्यवस्था, हे सगळं कंपनीचं सॉफ्टवेअर चालवायचं, आणि ते कसं वापरायचं याची मराठी पुस्तिका त्या इंजिनिअरांनी एकट्यानं टाइप केली होती. ते वारले, पुस्तिका मागं राहिली. पण ती जुन्या फॉन्टमध्ये होती.

जुन्या फॉन्टचं असं असतं की कॉम्प्युटरच्या पोटात मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि खुणाच साठवलेल्या असतात, फॉन्ट त्यांना वरून मराठीचे कपडे चढवतो. फॉन्ट काढला की कशाचाच अर्थ न लागणारं इंग्रजी उरतं. नव्या कॉम्प्युटरवर ते चालेना, म्हणून पुस्तिकेचं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या अक्षरांत, रूपांतर करून प्रत्येक प्रकरणाचं एक मदतपान बनवायचं काम नुजहतकडं आलं होतं. ऑपरेटरनं पडद्यावर प्रकरणाचं नाव टाइप केलं की ते पान समोर उघडायचं.

सुरुवातीला फार त्रास झाला. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका जिनिंगमध्ये घनश्याम नावाचा पॅनेल ऑपरेटर होता, मूळचा फुलसावंगीचा, या हंगामासाठी नव्यानं लागलेला. तो रोज व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा. कधी पानभर प्रश्नचिन्हं, कधी चौकोनी डबे. 'मॅडम, हे कोन्या देशाची भाषा हाय?' असं विचारायचा, आणि त्या डब्यांतून कसाबसा अर्थ काढून एकेक ओळ तिच्याकडून फोनवर खात्री करून घ्यायचा. मग नुजहतनं एक छोटा प्रोग्राम लिहिला, पानं स्वच्छ दिसू लागली आणि घनश्यामचे फोन बंद झाले. नुजहतला वाटलं होतं, बरं झालं.

आता तिनं इंजिनिअरांची मूळ फाइल उघडली, कपडे न चढवलेली, उघडी. महिनोन्‌महिने त्या फाइलींत डोकं घातल्यामुळं तिला ते इंग्रजी थेट मराठीसारखं वाचता यायला लागलं होतं. वाक्य लांब होतं, म्हणून इंजिनिअरांनी ते दोन ओळींत टाइप केलं होतं. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला एक एकेरी अवतरणचिन्ह होतं, मग के, मोठा व्ही, जे. शटर. 'शटर कळ दाबल्यावर' ही अख्खी ओळ मूळ फाइलीत होती. रूपांतर झालेल्या पानात नव्हती.

नुजहत त्या अवतरणचिन्हाकडं पाहत राहिली.

पानाची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामचा एक नियम असतो. ओळ टिंबानं सुरू झाली, तर तो तिला मजकूर समजत नाही. ती आपल्याला दिलेली आज्ञा आहे असं मानतो. नुजहतला हे माहीत होतं. ओळींची रुंदी जुळेना म्हणून तिनं आधी मांडणी आणि मग अक्षरांचं रूपांतर असा उलटा क्रम लावला, तेव्हा तिनं या टिंबाचा विचारही केला होता. जुन्या फॉन्टमध्ये टिंब म्हणजे अर्धा ण. मराठीत ण ने शब्द सुरू होत नाही. तेव्हा धोका नाही, असं म्हणून ती स्वतःवर खूशही झाली होती. नियमाचा उरलेला अर्धा भाग ती विसरली होती. अवतरणचिन्हानं सुरू होणारी ओळही आज्ञाच असते. अशी आज्ञा प्रोग्रामला ओळखीची नसली, तर तो तक्रार करत नाही, काही विचारत नाही. ओळ टाकून देतो आणि पुढं जातो.

आणि जुन्या फॉन्टमध्ये अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा श.

श ने सुरू होणारी प्रत्येक ओळ गेली होती. तीही सगळ्या पानांतून.

कुठली पानं बाहेर गेली आहेत, हे तिला आठवावं लागलं नाही. हंगाम तोंडावर होता, म्हणून कंपनीनं सगळ्यात आधी आगीचं पान मागून घेतलं होतं. कापसाच्या गोदामात, म्हणजे शेडमध्ये, आग लागली तर शटर आपोआप खाली येतं आणि पाइपांतून असा गॅस सुटतो की आत श्वास घ्यायला हवाच उरत नाही. आग गुदमरते. माणूस आत असला तर तोही.

नुजहतनं आगीचं मूळ पान आणि रूपांतर झालेलं पान शेजारी शेजारी लावलं. प्रकरणाचं नाव होतं 'कोरडी चाचणी', म्हणजे गॅस न सोडता, नुसती शिट्टी आणि शटर बघायची चाचणी. मुळात तिची सुरुवात अशी होती: 'शेडमागच्या सिलिंडरांची मुख्य चावी उजवीकडे फिरवून आधी बंद करावी.' पुढची ओळ: 'शेडमध्ये कोणी नाही याची आत फिरून खात्री करावी.' दोन्ही ओळी नव्या पानात नव्हत्या. नवं पान थेट 'हिरवी कळ दाबावी' इथून सुरू होत होतं. त्याखाली, 'शिट्टी वाजू लागेल. घाबरू नये.' ही ओळ तेवढी वाचली होती, कारण त्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते. म्हणून ती ओळ अवतरणचिन्हानं सुरूच होत नव्हती.

घाबरू नये.

तिनं घनश्यामला फोन लावला. लागला नाही, पॅनेलच्या खोलीत रेंज येते-जाते, हे तिला माहीत होतं. तिनं तिथल्या सुपरवायझरना, अमरसिंगांना लावला. ते वणीच्या रस्त्यावर कुठंतरी होते, मागं ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते.

"अमरसिंगभाऊ, गोदामाची चाचणी केव्हा आहे?"

"आजच आहे ना मॅडम. घनश्याम करून राह्यला असंल. तुमचं पान लय साजरं झालं म्हने. काहून, काय झालं?"

"थांबवा. कोणालातरी फोन करून थांबवा त्याला. ते पान चुकलंय."

"कसं चुकलं?" त्यांचा आवाज बदलला. "मॅडम, आत तर रुक्माबाई झाडून राह्यली. मीच सकाळी लावली तिले. तिच्यासंगं नलू पन हाय."

पुढचं ऐकायला नुजहत थांबली नाही. तिनं पुन्हा घनश्यामला लावला. या वेळी रिंग गेली. ती वाजत असताना नुजहत उभीच राहिली, आणि आपण उभे आहोत हे तिला कळलं नाही. आतल्या खोलीतून तिची आई जोहराबी दाराशी आली. "क्या हुआ बेटा? चेहरा काहून असा उतरला?"

घनश्यामनं फोन उचलला. त्याच्या आवाजामागं लांब, चिरकी शिट्टी वाजत होती.

"बोला मॅडम! ऐकू येऊन राह्यलं का? सारं बराबर चालू हाय. शटर पडलं, शिट्टी वाजली. पानात लिवल्यासारखंच झालं एकदम."

"घनश्यामभाऊ, सिलिंडरची चावी बंद केली का?"

"कोनती चावी?"

"पिवळी कळ दिसते? तुमच्या पॅनेलवर?"

"हाय एक. पानात तर तिचं काही नाही."

मूळ पान तिच्यासमोर होतं. अवतरणचिन्ह, के, एस, ओ, मोठा व्ही. तिनं ते बोट ठेवून वाचलं, आणि आयुष्यात कधी वाचलं नव्हतं इतक्या जपून वाचलं, कारण आता एकही अक्षर चुकून चालणार नव्हतं. "'शेवटची शिट्टी होईपर्यंत पिवळी कळ दाबून धरल्यास गॅस अडून राहतो. कळ सोडू नये.' दाबा. आत्ता दाबा!"

"गॅस? मॅडम, ही तं कोरडी..."

"कोरडी नाहीये! चावी उघडी आहे. दाबा भाऊ, पाया पडते तुमच्या, दाबून धरा!"

तिकडून काही खडखडलं. शिट्टी चालूच होती, पण तिचा सूर बदलला. लांब आवाजाऐवजी तुटक तुटक येऊ लागला.

"दाबली," घनश्याम म्हणाला. आणि मग एकदम, जणू त्याला आत्ताच कोणी हलवून जागं केलं असावं तसा, "अवं माय. रुक्मामावशी आत हाय."

"माहीत आहे. बोट उचलू नका."

"मी जाऊन शटर..."

"बोट उचललं की गॅस सुटेल! तुम्ही जागचे हलू नका. दुसरं कोणी आहे तिथं?"

"कोनीच नाही. हंगाम सुरू नाही झाला ना अजून. गेटवरचा मानूस जेवाले गेलता." त्याचा आवाज रडवेला झाला होता. "मॅडम, मी आवाज देतो, पन ह्या शिट्टीत काय ऐकू जाईन त्यायले?"

नुजहतनं विचारलं, आतल्या कोणाजवळ फोन आहे का. नलूजवळ होता. घनश्यामनं एका हातानं कळ धरून, दुसऱ्या हातानं फोनमध्ये नलूचा नंबर शोधला आणि सांगितला. नुजहतनं स्वतःचा फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि आईपुढं हात केला. "अम्मी, तुमचा फोन." जोहराबीनं काहीही न विचारता फोन दिला, आणि लेकीचा एक हात अडकलेला पाहून नंबरही तिनंच दाबला.

नलूनं पटकन उचलला. ती धापा टाकत होती. "कोन बोलून राह्यलं?"

"नलू, मी नुजहत. पॅनेलचं काम करते ती. ऐक. तुम्ही दोघी बऱ्या आहात ना?"

"शटर पडलं वो ताई! आमी ठोकून राह्यलो, कोनी खोलतच नाही. आंधार झाला सारा. ही मावशी रडून राह्यली. भोंगा काहून वाजते? आग लागली का कुठं?"

"आग नाही. पण तुम्हाला बाहेर निघायला हवं. शटरापाशी थांबू नका." तिची नजर पानावर पळत होती. श ची आणखी एक ओळ होती, तळाशी, तीही गेलेली. 'शटर अडल्यास मागील भिंतीतील लहान दाराची कडी आतून वर उचलून दार बाहेर ढकलावे.' तिनं ते नलूला सोप्या शब्दांत सांगितलं. मागची भिंत. लहान दार. कडी वर.

पावलांचा आवाज आला, कशाला तरी अडखळल्याचा, मग नलूचा ओरडा. "दारापुढं बारदानाचे गठ्ठे रचले ताई! पार वरतलोक!"

"ओढा. दोघी मिळून ओढा, खाली पाडा. फोन खाली ठेव, पण बंद करू नको."

आता एका कानात बारदान घसटल्याचा आवाज येत होता, आणि कोणीतरी मोठ्यानं श्वास घेत होतं. दुसऱ्या कानात घनश्याम होता. "मॅडम, निघाल्या का? माह्या हाताले घाम सुटला. कळ घसरून राह्यली."

"दुसरा अंगठा वर ठेवा, मग पहिला काढा. हळू."

"मॅडम, मले सांगा, गॅस सुटला तं किती वेळ..."

"नका विचारू."

तिला स्वतःलाही त्याचा विचार नको होता, पण डोळ्यांपुढं ते येतच होतं: अंधारी शेड, जमिनीलगत पसरत येणारा न दिसणारा गॅस, दाराशी पडलेल्या दोघी. आणि पडद्यावर ते स्वच्छ, सुंदर पान, ज्यात एकही काना-मात्रा चुकलेली नव्हती. जोहराबी शेजारी उभी राहून ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटत होती, पडद्याकडं बघत, त्यावरचं तिला काही कळत नसताना.

मग पत्रा आपटल्याचा मोठा आवाज आला, आणि फोनमधून वारं वाहिल्यासारखं ऐकू आलं.

"निघालो!" नलू ओरडली. "ताई, निघालो भाईर!"

"मावशी?"

"हाय, मावशी बी हाय. बसली खाली."

नुजहत खुर्चीत बसली. पण घनश्यामचा अंगठा अजून कळेवरच होता. तिनं नलूला शेडमागच्या सिलिंडरांपाशी जायला सांगितलं. नलू म्हणाली, तिच्या हातात आता त्राण नाही. मग पलीकडून रुक्माबाईचा जाड आवाज आला. "काय फिरवायचं, सांग. मी फिरवतो."

"मोठी चावी आहे, लाल, चाकासारखी. उजवीकडं फिरवा मावशी. फिरेनाशी होईपर्यंत."

"लय घट हाय." थोडा वेळ नुसतं कण्हणं ऐकू आलं. "फिरली. आता फिरत नाही पुढं."

नुजहतनं दुसरा फोन तोंडाशी आणला. "घनश्यामभाऊ. सोडा."

त्यानं लगेच सोडली नाही. त्याला भीती वाटत होती, हे तिला त्याच्या श्वासावरून कळत होतं. शेवटी शिट्टी तुटली, पाइपांत साठलेलं काहीतरी फुसकन निघून गेलं, आणि पलीकडं शांत झालं. मग घनश्याम लहान मुलासारखा रडायला लागला.

नुजहत स्कूटी काढून लोहाऱ्याला गेली. फोनवर सांगून भागण्यासारखं हे नव्हतं. रुक्माबाई आणि नलू शेडबाहेर सावलीत बसल्या होत्या, अंगाखांद्यावर कापसाची तूस, रुक्माबाईच्या बोटांची सालटं निघालेली. घनश्याम त्यांच्यापासून लांब, एका उलट्या घमेल्यावर बसला होता. नुजहतनं त्या तिघांपुढं उभं राहून सांगितलं की चूक तिची आहे. ओळी होत्या, तिच्या प्रोग्राममुळं त्या गेल्या, आणि गेल्या हे तिला कळलं नाही.

घनश्याम म्हणाला, "पयले डबे डबे दिसत, तवा मी तुमाले रोज इचारत होतो. एकेक शब्द इचारत होतो. आता ते पान इतकं साजरं दिसे, की मले इचारावंच वाटलं नाही."

घनश्याम रागावला असता तर नुजहतला बरं वाटलं असतं.

तिथूनच तिनं नागपूरला फोन केला. कंपनीतला साहेब आधी घाबरला, मग सावरून म्हणाला की सगळ्यांना ईमेल करून टाकू, विषय 'किरकोळ सुधारणा' असा ठेवू, उगाच घबराट नको. नुजहत म्हणाली, घबराट हवी आहे. ज्या ज्या कारखान्यांत ते पान गेलं होतं, तिथल्या ऑपरेटरांना तिनं स्वतः एकेक करून फोन केले, आणि झालेलं सगळं कंपनीला न विचारताच सांगितलं. एक फोन तेवढा लागला नाही. वणीकडच्या एका जिनिंगचा. फोन बंद येत होता. संध्याकाळभर ती तो लावत राहिली. घरी परतल्यावर ताट पुढं आलं, ते तिनं बाजूला सारलं. अमरसिंग तिथून जवळच होते. त्यांनी कोणाला तरी पाठवतो म्हणून सांगितलं, पण त्यांचाही निरोप आला नाही. उजाडेपर्यंत तिचा डोळा लागला नाही. कुठंतरी कोणीतरी हिरवी कळ दाबत असेल आणि घाबरू नये असं वाचत असेल, एवढंच डोक्यात होतं.

सकाळी तिकडच्या ऑपरेटरनं स्वतःहून फोन केला. "काल चार्जिंग नवतं मॅडम. काय काम होतं?"

तिनं सांगितलं. तो ओशाळून म्हणाला, "खरं सांगू का? आमी ते पान खोललंच नाही अजून. चाचणी मंग करू म्हनलं होतं."

नुजहत हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

नवं पान तिनं यंत्राच्या भरवशावर सोडलं नाही. आधी अक्षरांचं रूपांतर, मग मांडणी, असा क्रम सरळ केला, आणि तरीही ते घेऊन ती लोहाऱ्याला गेली. मूळ फाइल तिनं वाचायची आणि पडद्यावरचं पान घनश्यामनं, ओळीला ओळ, मोठ्यानं. घनश्याम प्रत्येक ओळीनंतर थांबायचा आणि तिच्याकडं बघायचा. ते वाचत असताना रुक्माबाई हातात खराटा घेऊन पॅनेलच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. बोटांना पट्ट्या होत्या.

"आमी आत असतो ते लिवलं का त्यात आता?" तिनं विचारलं.

"लिहिलंय मावशी."

"वाचून दाखव."

घनश्यामनं वाचलं. 'शेडमध्ये कोणी नाही याची आत फिरून खात्री करावी.'

रुक्माबाईनं ऐकून घेतलं. ती आत आली नाही, दाराशीच उभी राहिली.

"अजून एक डाव वाच," ती म्हणाली.